जुन्या मराठी नियतकालिकांचा शोध: ग्रंथालयाच्या दुर्मिळ विभागात काम कसे करावे

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मराठी मासिकांचा शोध घेणारे अनेक अभ्यासक तयारी न करताच ग्रंथालय गाठतात, दुर्मिळ विभागात 'जुने अंक दाखवा' एवढेच सांगतात आणि दिवस वाया गेल्यावर अंक उपलब्ध नाहीत असा निष्कर्ष काढतात. अंक पुष्कळदा तिथेच असतात. मागणी चुकीच्या नावाने, चुकीच्या वर्षाने किंवा चुकीच्या क्रमाने झालेली असते. दुसरी चूक याहून गंभीर आहे. अंक हाती येतो, लेख वाचला जातो, टिपण काढले जाते. पण कोणती प्रत पाहिली, तिची कोणती पाने गहाळ होती, मुखपृष्ठ होते की नव्हते, याची नोंद राहत नाही, आणि मग त्या टिपणावर कोणी विश्वास ठेवावा असे काही उरत नाही. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. पहिले चार टप्पे घरबसल्या उरकता येतात, आणि निम्म्याहून अधिक यश त्यांतच असते.

१. प्रश्न एका वाक्यात लिहावा

'मनोरंजन मासिकाचा अभ्यास' हा प्रश्न नव्हे. 'मनोरंजनाच्या १९०९ सालच्या दिवाळी अंकात कोणत्या वस्तूंच्या जाहिराती होत्या?' हा प्रश्न आहे, कारण त्यावरून कोणता अंक हवा, त्याचा कोणता भाग हवा आणि कोणत्या अवस्थेतील प्रत चालेल हे लगेच ठरते. जाहिराती हव्या असतील तर मूळ वेष्टनासह, म्हणजे अंकाच्या बाहेरच्या कागदी आवरणासह, असलेली प्रत लागते. केवळ मजकूर हवा असेल तर बांधीव फाइल किंवा संगणकीय प्रतही पुरते. लोकहितवादींच्या शतपत्रांचा मूळ पाठ हवा असेल तर नंतरचे पुस्तकरूप संग्रह उपयोगाचे नाहीत, १८४८ पासूनचे 'प्रभाकर' साप्ताहिकाचे अंकच शोधावे लागतात.

*पडताळणी:* प्रश्नाच्या खाली 'हे कळण्यासाठी मला अंकाचा कोणता भाग डोळ्यांनी पाहावा लागेल?' याचे उत्तर लिहावे. ते लिहिता येत नसेल तर ग्रंथालयात जाण्याची वेळ अजून आलेली नाही.

२. सूचींमधून सुरुवात करावी

छापील सूची जुनाट झाल्या, आता सर्व काही संगणकावर सापडते, हा समज सोडून द्यावा. शंकर गणेश दाते यांनी तयार केलेली 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशा दोन भागांत आहे, आणि दुर्मिळ मराठी पुस्तकाचा शोध आजही तिथूनच सुरू करावा. नियतकालिकांसाठी दाते, काळे आणि बर्वे यांची स्वतंत्र सूची आहे. एखादे मासिक कधी निघाले, कुठून निघाले, संपादक कोण होते हे अशा सूचीत पाहून घेतले की एकाच नावाची दोन मासिके वेगळी ओळखता येतात. हे फार महत्त्वाचे आहे, कारण त्या काळात तीच ती नावे वेगवेगळ्या गावांत आणि वेगवेगळ्या दशकांत पुन्हा वापरली गेली.

सूचीतून एक गोष्ट मात्र नेहमीच कळते असे नाही: अमुक लेख कोणत्या अंकात आला. त्यासाठी मासिकाची वार्षिक अनुक्रमणिका पाहावी. ती बहुधा वर्षाच्या शेवटच्या अंकासोबत छापली जाई आणि बांधणीत खंडाच्या आरंभी लावली जाई. लेखाचा अंक ठाऊक नसेल तर प्रथम त्या वर्षाच्या अनुक्रमणिकेचीच मागणी करावी. बारा अंक उलटण्यापेक्षा चार पाने उलटणे कागदाच्याही हिताचे असते.

ब्रिटिश अमदानीतील प्रकाशनांसाठी आणखी एक साधन आहे, आणि त्याचा वापर खेदजनकरीत्या कमी होतो. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्यानंतर मुंबई इलाख्यात प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या सरकार छापत असे. त्यांत पुस्तकाचे नाव, भाषा, मुद्रक, पृष्ठसंख्या, किंमत, छापलेल्या प्रतींची संख्या, तसेच छपाई खिळ्यांची की शिळाप्रेसची (दगडावर लिहून केलेली), अशा नोंदी असतात. प्रत्यक्ष प्रतीची शेवटची पाने फाटलेली असतील तर मूळ पृष्ठसंख्या किती होती हे या यादीवरून ठरवता येते.

३. 'पुस्तक', 'अंक' आणि शक यांचा हिशेब करावा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करावा.

जुन्या मासिकांत वर्षभराच्या अंकांच्या खंडाला 'पुस्तक' म्हणत. संदर्भात 'पुस्तक १२ वे, अंक ४ था' असे दिसले तर तो बाराव्या खंडाचा चौथा अंक असतो. हे न कळल्याने लोक मागणीच्या चिठ्ठीवर मासिकाचे नाव आणि 'बारावे पुस्तक' असे लिहितात, आणि कर्मचारी ग्रंथांच्या दालनात त्याचा शोध घेतात. शिवाय खंडाचे वर्ष जानेवारीत सुरू होईलच असे नाही. मासिक ज्या महिन्यात निघाले त्या महिन्यापासून त्याचे वर्ष मोजले जाई. पहिला अंक जुलैत निघाला असेल तर प्रत्येक खंडाचा चौथा अंक ऑक्टोबरचा येतो, आणि एकच खंड दोन इसवी सनांत विभागला जातो. त्यातच अंक उशिरा निघणे, दोन महिन्यांचा जोडअंक काढणे, मध्येच काही महिने मासिक बंद पडणे हे नित्याचे होते. म्हणून केवळ गणिताने महिना ठरवू नये; अंकावर छापलेला महिना हाच पुरावा धरावा, आणि तोही प्रत्यक्ष प्रसिद्धीचा महिना असेलच असे मानू नये.

शालिवाहन शकाचे इसवी सनात रूपांतर करताना सरसकट ७८ मिळवण्याची सवय चुकीची आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवावेत, आणि १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. उदाहरणार्थ, शके १७८९ मधील श्रावणाचा अंक १८६७ चा ठरतो, पण त्याच शकातील फाल्गुनाचा अंक १८६८ चा. इसवी सन पौषात किंवा मार्गशीर्षाच्या कृष्ण पक्षात पालटते; त्यामुळे या दोन महिन्यांच्या तिथ्या जंत्रीवरूनच (तिथी आणि तारखांच्या कोष्टकावरून) पडताळाव्यात.

शीर्षकपृष्ठ झिजलेले असेल आणि शकाचा शेवटचा आकडा वाचता येत नसेल, तर संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातील त्या वर्षाचे, नाव उपयोगी पडते. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. समजा 'शके १७८' एवढेच दिसते, पुढचा आकडा कसरीने खाल्ला आहे, पण त्याखाली 'प्रभवनाम संवत्सरे' हे शब्द शाबूत आहेत. १७८० ते १७८९ यांपैकी प्रभव कोणता? १७८९ मध्ये १२ मिळवले की १८०१ होतात, ६० ने भागता बाकी १ उरते. दुसरे कोणतेही वर्ष बसत नाही, म्हणजे शक १७८९ हाच. असा निर्णय घेतल्यावर तो आपल्या अनुमानाचा आहे, छापील नाही, हे टिपणात चौकटी कंसात दाखवावे.

४. सूचीपत्रात शोध आणि ग्रंथपालांना पत्र

संगणकीय सूचीत एकदा नाव घालून काही मिळाले नाही म्हणजे काहीच नाही, असे समजू नये. 'विविधज्ञानविस्तार' या मासिकाचे नाव एकत्र, तोडून आणि जोडरेघा घालून अशा तिन्ही रीतींनी शोधावे. ऱ्हस्व-दीर्घाचे फरक लक्षात घ्यावेत: हरि आणि हरी, कवि आणि कवी. लेखकाचे टोपणनाव आणि खरे नाव दोन्ही पाहावे. केशवसुत शोधताना कृष्णाजी केशव दामले हेही शोधावे. परदेशी ग्रंथालयांतील नोंदी रोमन लिपीत असतात, आणि तिथे 'ज्ञ' हे जोडाक्षर मराठी उच्चाराप्रमाणे न लिहिता ज आणि ञ या मूळ वर्णांप्रमाणे लिहिलेले असते. उच्चारानुसार टंकले तर एकही नोंद समोर येत नाही.

अनेक जुन्या संस्थांत संगणकीय सूची अपुरी असून खरी माहिती कार्डांच्या कपाटात किंवा दाखल नोंदवहीत (संग्रहात आलेल्या प्रतींच्या वहीत) असते. म्हणून भेटीपूर्वी ग्रंथपालांना लिहावेच. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय अशा प्रत्येक संस्थेचे नियम, वेळा आणि सभासदत्वाच्या अटी वेगवेगळ्या आहेत. एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे गृहीत धरू नये. पत्रात मासिकाचे नेमके नाव, पुस्तक, अंक, महिना व वर्ष, सूचीत सापडला असल्यास वर्गांक (विषयवार मांडणीचा क्रमांक) आणि दाखल क्रमांक (त्या नोंदवहीतील प्रतीचा क्रमांक), आणि हा अंक कशासाठी हवा याची दोन वाक्ये एवढे असावे. तीन प्रश्न अवश्य विचारावेत: नेमके कोणते अंक आहेत आणि कोणते नाहीत, प्रत हाताळण्याच्या अवस्थेत आहे का, आणि शिफारसपत्र, ओळखपत्र किंवा आगाऊ मागणीची गरज आहे का.

*सावधान:* सूचीत '१८६७ पासून' अशी नोंद असली तरी संस्थेकडे तेव्हापासूनचे सर्व अंक आहेत असा तिचा अर्थ होत नाही. ते बहुधा मासिकाच्या आरंभाचे वर्ष असते, संग्रहाचे नव्हे.

*पडताळणी:* निघण्यापूर्वी तोच अंक इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी संगणकीय रूपात आहे का ते पाहावे. असल्यास आधी तो वाचून घ्यावा आणि मूळ प्रत केवळ शंकांच्या निरसनासाठी मागावी.

५. वाचनकक्षात

सोबत पेन्सिल, सुटे कागद किंवा वही, फूटपट्टी, भिंग आणि परवानगी असल्यास कॅमेरा असावा. शाईचे पेन, खाण्याचे पदार्थ, पाण्याची बाटली आणि चिकट कागदाच्या खुणा बाहेर ठेवाव्यात. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सुती हातमोजे घालण्याचा आग्रह पुष्कळ जण धरतात, पण ठिसूळ कागदासाठी ते अपायकारक ठरतात, कारण बोटांची संवेदना बोथट होते आणि धागा पानाच्या कडेत अडकतो. मोजे छायाचित्रांसाठी आणि धातूच्या वस्तूंसाठी राखावेत. मात्र एखाद्या संस्थेचा नियमच तसा असेल तर तो पाळावा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद रुळला. त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडतो आणि दुमडताच तुटतो. त्यामुळे १९१० चे मासिक १८४० च्या चिंध्यांपासून केलेल्या कागदावरील पुस्तकापेक्षा नाजूक असू शकते. वयावरून अवस्था ठरवू नये. खंड सपाट उघडू नये. दोन्ही बाजूंना फोमचे उतरते आधार किंवा गुंडाळलेले स्वच्छ कापड ठेवून, शिवण परवानगी देईल तेवढेच उघडावे. पान वरच्या बाहेरील कोपऱ्यातून, खाली तळवा सरकवत उलटावे. बोट ओले करणे, पानावर कोपर टेकणे, पानावर वही ठेवून लिहिणे, कोपरा दुमडून खूण करणे हे पूर्णपणे टाळावे. न कापलेली, कडेला एकमेकांना जोडलेली पाने दिसली तर ती स्वतः फाडू नयेत, कर्मचाऱ्यांना दाखवावीत. कधी न कापलेले पान हाच पुरावा असतो की तो भाग त्या प्रतीत कोणी वाचलेलाच नाही. काम संपल्यावर पुन्हा हात धुवावेत, कारण जुन्या संग्रहांवर कीटकनाशके फवारलेली असण्याची शक्यता असते.

*सावधान:* एका वेळी एकच खंड मेजावर असावा. सुटे अंक एकमेकांत मिसळले की त्यांचा क्रम पुन्हा लावणे कर्मचाऱ्यांना फार जड जाते, आणि चुकीच्या फाइलमध्ये गेलेला अंक वर्षानुवर्षे हरवलेलाच राहतो.

६. वाचण्यापूर्वी प्रत तपासावी

खंड हाती येताच हवा तो लेख काढून वाचायला लागणे हा मोह सर्वांनाच होतो. तो आवरून आधी प्रतीची तपासणी करावी. क्रम असा ठेवावा.

पहिल्याने बांधणी पाहावी: ती मूळ आहे की ग्रंथालयाने नंतर केलेली? ग्रंथालयाच्या बांधणीत अंकांची रंगीत वेष्टने आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याचा प्रघात होता. महिना, किंमत, वर्गणीचे दर, पोच आणि संपादकाच्या सूचना बहुधा त्याच वेष्टनांवर असत. ती नसतील तर 'या मासिकात जाहिराती नव्हत्या' असे विधान करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

मग पृष्ठांक पाहावेत. मासिकाचे पृष्ठांक पुष्कळदा वर्षभर सलग चालतात. अंक बदलला की १ पासून सुरू होत नाहीत. त्यातच क्रमशः छापली जाणारी कादंबरी, काव्य किंवा जुनी बखर हिला स्वतंत्र पृष्ठांक दिलेले असतात, म्हणजे वाचकाने ते भाग सोडवून त्यांचे पुस्तक बांधावे. अशा खंडात पृष्ठ ११२ नंतर एकदम १७ आले तर घाबरून पाने गहाळ असल्याची नोंद करू नये. पुढे काही पानांनंतर ११३ सापडते का ते पाहावे. उलट, ती कादंबरी अनुक्रमणिकेत असून खंडात कुठेच नसेल, तर कोणा वर्गणीदाराने ती वेगळी बांधून घेतली असण्याचा संभव मोठा आहे, आणि मग तिचा शोध ग्रंथांच्या सूचीत घ्यावा. या एका खुणेने पुष्कळ 'हरवलेले' साहित्य सापडते.

शेवटी मुद्रकाची ओळ शोधावी. १८६७ च्या कायद्याने मुद्रक आणि छपाईचे ठिकाण छापणे बंधनकारक केले होते. ती ओळ शीर्षकपृष्ठाच्या पाठीवर, शेवटच्या पानाच्या तळाशी किंवा वेष्टनावर असते. शिक्के, वर्गणीदाराची सही, समासातील पेन्सिलीच्या खुणा याही नोंदवाव्यात. समासात कोणी लिहिलेला शेरा लेखकाचा समजण्याची घाई मात्र करू नये.

*पडताळणी:* आता 'या प्रतीत काय नाही' याची यादी लिहून झाली आहे का? नसेल तर वाचन सुरू करू नये.

७. टिपण

प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर ही माहिती असावी: मासिकाचे नाव, पुस्तक व अंक, महिना व वर्ष, छापले आहे तसे आणि पुढे चौकटी कंसात इसवी सन, लेखाचे शीर्षक, लेखकाचे नाव किंवा 'निनावी', पृष्ठे, ग्रंथालय, दाखल क्रमांक, प्रतीतील उणिवा, पाहिल्याची तारीख.

उतारा अक्षरशः उतरवावा. 'नाहीं', 'कां', 'मुलें', 'घरीं' यांवरील अनुस्वार आजच्या लेखनात नाहीत म्हणून गाळू नयेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे आहेत. त्याआधीच्या छापील मजकुराला ते लावणे म्हणजे पाठ बदलणे होय. छपाईची उघड चूकही तशीच ठेवून पुढे चौकटी कंसात खुलासा करावा. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी टिंबे द्यावीत, अंदाजाने शब्द भरू नये. शिळाप्रेसवर छापलेल्या मजकुरात हस्ताक्षराची वळणे असल्याने 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांची गल्लत सहज होते, म्हणून एकच अक्षर त्याच पानावर इतरत्र कसे काढले आहे ते पाहून निर्णय करावा. काही जुनी पुस्तके मोडीतही छापलेली आहेत. विल्यम केरीचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांत आहे. मोडी येत नसेल तर असे पुस्तक मागण्यापूर्वी वाचणारा सोबतीला घ्यावा.

८. छायाचित्रे आणि हक्क

प्रथम लेखी परवानगी, मग कॅमेरा. फ्लॅश बंद ठेवावा. पहिले छायाचित्र मागणीच्या चिठ्ठीचे घ्यावे, म्हणजे पुढची सर्व छायाचित्रे कोणत्या खंडाची हे कायम कळत राहते, दुसरे शीर्षकपृष्ठाचे, त्यानंतर पाने क्रमाने, चारही कडा आणि पृष्ठांक दिसतील अशी. लेखाच्या आधीचे आणि नंतरचे एकेक पानही घ्यावे. खंड वाचनकक्षातून परत जाण्यापूर्वी प्रत्येक छायाचित्र मोठे करून वाचता येते का ते तिथेच पाहावे. शिवणीकडच्या ओळी बहुतेकदा अस्पष्ट येतात.

ग्रंथालयाने छायाचित्र घेऊ दिले म्हणजे ते प्रसिद्ध करण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. भारतात लेखनाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९५० मध्ये निवर्तलेल्या लेखकाचे लेखन २०१० अखेर मुक्त झाले. निनावी लेखनासाठी, लेखकाची ओळख उघड झालेली नसल्यास, ही ६० वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. एका अंकात दहा लेखक असतील तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा करावा लागतो. याशिवाय संस्थेची स्वतःची अट असू शकते, आणि हक्क संपलेला असला तरी प्रत जिथे पाहिली त्या ग्रंथालयाचा उल्लेख करावा.

९. परत करताना आणि त्यानंतर

खंड परत देताना सुटलेले पान, उसवलेली शिवण, भुकटी होत असलेले चामडे हे कर्मचाऱ्यांना सांगावे. स्वतः चिकटपट्टी लावू नये. सूचीतील नोंद आणि प्रत्यक्ष खंड यांत फरक आढळला असेल, जसे चुकीचे वर्ष किंवा फाइलमध्ये मिसळलेला दुसऱ्याच मासिकाचा अंक, तर तो लिहून द्यावा. अशा चिठ्ठ्यांवरूनच सूची सुधारतात.

त्याच दिवशी संध्याकाळी टिपणे आणि छायाचित्रे यांचा मेळ घालावा आणि सहाव्या टप्प्यातील उणिवांची यादी समोर घेऊन दुसऱ्या प्रतीसाठी पत्र लिहावे. एका ग्रंथालयातील खंडाला वेष्टने नसतात, दुसऱ्याकडे वेष्टनासह सुटे अंक असतात पण मधले दोन गहाळ असतात. दोन्ही प्रती मिळून अंक पुरा होतो. दुसऱ्या संस्थेला लिहिताना 'अमुक पुस्तकाच्या चौथ्या अंकाचे मागचे वेष्टन आपल्या प्रतीत आहे का?' इतका नेमका प्रश्न विचारता आला, तर ग्रंथपालांना कपाटापर्यंत जाऊन एकाच फेरीत उत्तर देता येते.